भावाच्या गाडीतलं ऑइल

माझ्या मोठ्या भावाला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि वाचा अशा तिन्ही गोष्टी एकाच सकाळी गेल्या. उरलं ते डावं अंग, शाबूत कान आणि अकोल्याच्या घरासमोर पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली त्याची गाडी.

गाडीबद्दल आधी सांगते, कारण सगळं महाभारत तिच्यावरूनच झालं. भाऊ आयुष्यभर परराज्यातल्या कारखान्यात इंजिनिअर होता. निवृत्त झाल्यावर लोक प्लॉट घेतात, लेकराच्या नावानं काही करतात. यानं एक जुनी, परदेशी बनावटीची, दोन माणसांची शर्यतीची गाडी घेतली आणि ती चालवत अकोल्याला आणली. रंग हळदीचा, बसकी इतकी की आत शिरताना माणसाला जवळजवळ जमिनीवर बसावं लागे. सामान ठेवायची जागा पुढे आणि इंजिन मागे. गल्लीतल्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं, मीही काढलं. पण तो ती गाडी स्वतःच्या हाताने पुसायचा, स्वतःच तिचं ऑइल बघायचा, आणि दुसऱ्या कुणालाही हात लावू द्यायचा नाही. वहिनी म्हणायची, "माह्या लुगड्याची घडी मोडली तं दिसत नाही यायले, गाडीवरची धूळ बरी दिसते."

झटक्यानंतर चार महिने गाडी तशीच उभी होती. पुण्याहून भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, आला, शेडमध्ये चक्कर मारली, चाकं दाबून पाहिली आणि मला फोन केला. मी अमरावतीला असते. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, एकटी आणि हट्टी. हट्टी हे लोक म्हणतात.

"आत्या, दिवाळीत गिऱ्हाईक घेऊन येतो," तो म्हणाला. "गाडी उभी राहून सडून राहिली. बाबाले तसंही आता काही समजत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी विकण्याचं मला काही नव्हतं. पण माणूस खुर्चीत बसलेला, डोळे उघडे, आणि त्याच्या डोक्यावरून त्याच्या वस्तूंची विल्हेवाट लावायची, जणू तोही घरातलं एक जुनं कपाट. मी म्हटलं, "त्याले सगळं समजते. गाडी मी चालू ठेवीन. दर रविवारी येईन. दिवाळीपर्यंत नीट चालली तर विकायची नाही. कबूल?"

"आत्या, तुले त्या गाडीतलं काय समजते?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून मी ट्रॅक्टर चालवते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

हे खोटं नव्हतं. आमच्या वडिलांची काळ्या मातीची शेती होती. भाऊ शिकायला बाहेर होता, म्हणून ट्रॅक्टरची देखभाल माझ्याकडे आली. वडिलांचा नियम कडक होता. पहाटे, इंजिन गार असताना, चालू करायच्या आधी ऑइल बघायचं. रात्रभरात सगळं ऑइल खाली बसलेलं असतं, तेव्हाच खरं माप कळतं. ऑइलात बुडालेली मापाची पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालायची, पुन्हा काढायची, आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं तरच चावी फिरवायची. हे मी इतक्या वेळा केलं होतं, की त्यात विचारण्यासारखं काही असू शकतं, हेच माझ्या मनात आलं नाही.

पहिल्या रविवारी बडनेऱ्याहून सकाळची आगगाडी धरली आणि नऊच्या आत अकोल्यात पोचले. चहाही न घेता पदर खोचला. भाऊ चाकाच्या खुर्चीत शेडपाशी होता. मी त्याला म्हटलं, "भाऊ, आजपासून तुझी गाडी माझ्याकडे." तो माझ्याकडे बघत राहिला.

ऑइल बघायला गाडी सपाट जागी उभी पाहिजे, एवढं तर कुणालाही माहीत असतं. पण आमच्याकडच्या काळ्या मातीवर सपाट असं काही नसतंच. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरच्या फरश्या दोन वर्षांत वरखाली होतात. शेडची फरशी एका कोपऱ्यात बोटभर उचललेली होती. मी शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याकडून त्याची पाण्याची नळी मागून आणली. तीच ती, पारदर्शक, जिच्यात पाणी भरून गवंडी लोक दोन्ही टोकांची पातळी जुळवतात. अर्धा तास ती घेऊन अंगणभर फिरले आणि फाटकाजवळ चारही चाकं एका पातळीत बसतील अशी जागा शोधून खडूने खुणा केल्या. वहिनी पायरीवर बसून तोंडाला पदर लावून हसत होती. मी म्हटलं, "हसा. गणिताच्या बाईला अंदाजपंचे चालत नाही."

दोघींनी ढकलून गाडी खुणांवर आणली आणि भावाची खुर्ची तिच्याशेजारी लावली. मागचं झाकण उघडलं, पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. ठणठणीत कोरडी.

"पाहिलं?" मी वहिनीला म्हटलं. "चार महिने कुणी बघितलं नाही. थेंब नाही आत."

नरसाळं लावून मी अर्धा लिटर ऑइल ओतायला घेतलं आणि भावाने खुर्चीतून डावा हात पुढे करून माझ्या हातातली पट्टी उडवली. ती खणकन फरशीवर पडली. त्याचा चेहरा लाल झाला होता, घशातून "अं, अं" असा आवाज निघत होता. मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. अजूनही कुणी हात लावलेला चालत नाही तर! मी पट्टी उचलली, पुसली आणि म्हटलं, "तुझा राग मला मान्य आहे. पण गाडी विकली गेली तर कुणावर रागावशील?" आणि ऑइल ओतलं.

मग वहिनी आणि मी त्याला काखेत धरून गाडीत बसवलं. सोपं नव्हतं. तो अंगाने धिप्पाड, सीट जमिनीला टेकलेली, दार अरुंद. पण बसवलं. मूर्तिजापूर रस्त्याने वीसेक किलोमीटर जाऊन आलो. इंजिन मागे घुमत होतं, दोन्ही बाजूंना कपाशी होती, आणि भाऊ मान ताठ करून, जबडा आवळून समोर बघत होता. किती दिवसांनी त्याची ती जुनी ऐट दिसली. घरी परत सोडल्यावर मी सरळ स्टेशन गाठलं, आणि आगगाडीत बसल्या बसल्या भाच्याला फोन लावून सांगितलं, "तुझे बाबा आज राजासारखे बसले होते."

दुसऱ्या रविवारी पट्टी पुन्हा कोरडी. अर्धा लिटर. भावाने पुन्हा पट्टी उडवली. तिसऱ्या रविवारी तसंच. चौथ्या रविवारी मी पट्टी त्याच्या हाताला लागणार नाही अशा बाजूला उभी राहून ऑइल बघितलं. तर त्याने खुर्चीच्या हातावर मूठ आपटायला सुरुवात केली. वहिनी रडकुंडीला आली. "बाई, राहू द्या ना. यायले नाही आवडत. कायले छळता?" मी म्हटलं, "वहिनी, गाडी ऑइल पिते. जुनं इंजिन आहे. टाकलं नाही तर जाम होईल, मग तुमच्या लेकाला आयतंच निमित्त मिळेल." आणि त्या रविवारी व पुढच्याही रविवारी अर्धा लिटर ओतलं.

फोनवर भाचा म्हणाला, "आत्या, आई सांगत होती. बाबा आपटाआपटी करून राहिले म्हणे. म्हणून म्हणतो, त्यायले समजत नाही." मी फोन ठेवला. पहिल्यांदा माझ्या मनात शंका आली, की हा म्हणतो ते खरं असेल का. ती शंका मला फार लागली. मी ती चारचौघांत बोलून दाखवणार नव्हते, पण त्या आठवड्यात दोन रात्री नीट झोपले नाही.

सहाव्या रविवारी गाडीने माझं नाक कापलं. चालू करताच मागून निळ्या धुराचा असा लोट उठला, की समोरच्या घरातले लोक आग लागली समजून बाहेर आले. फाटकाजवळच्या माझ्या खडूच्या खुणांवर काळ्या ऑइलचं थारोळं साचलं. मी गाडी बंद केली आणि तिथेच उकिडवी बसले. भावाने डोळे मिटून घेतले होते.

वहिनीने जुन्या स्टँडजवळच्या मिस्त्रींना बोलावून आणलं. साठीचे, पांढरी दाढी, सगळी हयात ट्रक आणि ट्रॅक्टरच्या इंजिनांत गेलेली. त्यांनी मागचं झाकण उघडलं, हवेच्या गाळणीचा डबा खोलला आणि बोट घालून मला दाखवलं. बोट ऑइलने निथळत होतं.

"बाई, तेल कमी नाई. तेल तर गळ्यापर्यंत आलं. इतकं काहून टाकून राहिल्या तुमी?"

"पट्टी कोरडी होती," मी म्हटलं. "दर वेळी कोरडी. गार इंजिनात, सपाट जागेवर, पाण्याच्या नळीनं पातळी काढून बघितलं."

त्यांनी दाढी खाजवली. "असं इंजन म्या कधी खोललं नाई. साहेबालेच विचारू."

"त्यांना बोलता येत नाही," वहिनी म्हणाली.

"बोलता नाई येत, पन ऐकू तं येते ना?"

वहिनीने चहाचा ग्लास त्यांच्या हातात दिला होता. तो तसाच धरून ते भावाच्या खुर्चीसमोर उकिडवे बसले आणि अगदी सहज, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलले. "साहेब, या गाडीची पट्टी कधी पाहाची? सकाळी?"

भावाने डोळे उघडले. मान हलवली. नाही.

"संध्याकाळी?"

नाही. मग भावाने डावा हात लांब केला, मिस्त्रींच्या हातातल्या चहाच्या ग्लासाला बोट लावलं, चटका बसल्यासारखं झटकन मागे घेतलं आणि तेच बोट गाडीच्या इंजिनाकडे दाखवलं.

"गरम?" मिस्त्री म्हणाले. "गरम झाल्यावर पाहाची?"

हो.

"मंग बंद करून?"

नाही, नाही.

"चालू ठेवून?"

भावाने मांडीवर अशी थाप मारली, की मिस्त्रींचा चहा हिंदकळला.

मग मिस्त्रींनी गाडीखाली शिरून बघितलं आणि मला समजावलं. आपल्या ट्रॅक्टरमध्ये ऑइल इंजिनाच्या पोटातच असतं. या गाडीत त्याची वेगळी टाकी आहे आणि पट्टी त्या टाकीत बुडते. गाडी आठवडाभर उभी राहिली, की टाकीतलं ऑइल हळूहळू इंजिनात उतरतं आणि पट्टी कोरडी दिसते. इंजिन चालून गरम झालं, की पंप ते पुन्हा टाकीत आणतो. खरं माप तेव्हाच. म्हणजे गाडीत पहिल्या दिवसापासून ऑइल पुरेसं होतं, आणि मी वडिलांच्या ट्रॅक्टरचा नियम लावून दर रविवारी तिच्या घशात आणखी ओतत होते. बत्तीस वर्षं मुलांना सांगितलं, आधी उदाहरण नीट वाचा. आणि मी स्वतः उदाहरण न वाचता उत्तर लिहीत बसले होते, तेही चुकीचं आहे म्हणून एक माणूस समोर मूठ आपटत असताना.

मी भावाजवळ गेले आणि म्हटलं, "माझं चुकलं." त्याने डाव्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली. लहानपणी मारायचा तशीच, जरा जोरात.

मिस्त्रींनी जास्तीचं ऑइल काढलं, डबा साफ केला. त्यानंतर आमची पद्धत बसली. आधी फेरी मारायची. परत आल्यावर गाडी खुणांवर उभी करून इंजिन चालूच ठेवायचं, आणि मी पट्टी काढून भावाच्या डोळ्यांसमोर धरायची. मी विचारायची, "टाकू?" तो मान हलवायचा. हो असेल तर मी नरसाळं लावून थोडं थोडं ओतायची. "अजून?" "अजून?" त्याचा हात वर झाला की थांबायची. एकदा तर त्याने दोन बोटांच्या चिमटीत दाखवलं, इतकंच, आणि तेवढंच टाकल्यावर पट्टीवरची रेघ बरोबर दोन खुणांच्या मध्ये आली. मी आनंदाने भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, ते ऑइलचं झालं. हातची सवय असते माणसाले. त्यावरून काही सिद्ध नाही होत." मी म्हटलं, "दिवाळीत ये. सिद्ध करून दाखवते."

दिवाळीला भाचा आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नागपूरचा एक गृहस्थ गाडी बघायला आला. मी सकाळपासून तयारीत होते. गाडी धुतलेली, फेरी मारून आणलेली, खुणांवर उभी, इंजिन एका लयीत चालू. धुराचं नाव नाही. गृहस्थ दोनदा गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "झकास ठेवली आहे."

"ठेवली आहे, कारण ती विकायची नाही," मी म्हटलं. "आमचं ठरलं होतं."

भाच्याने मला बाजूला नेलं. "आत्या, तू किती दिवस करशील हे? तुझं वय पाहा. अन् बाबा..."

"तुझ्या बाबाले विचार."

"आत्या..."

"त्याच्यासमोर बस आणि विचार. तो सांगेल. नंतर मी एक शब्द बोलणार नाही."

मला पक्की खात्री होती. इतके रविवार मी त्या खात्रीवरच काढले होते. भाचा नाइलाजाने खुर्चीसमोर उकिडवा बसला. झटका आल्यापासून तो वडिलांसमोर असा पहिल्यांदाच बसला असेल. त्याने विचारलं, "बाबा, गाडी ठेवाची?"

भावाने मान हलवली. नाही.

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "उलटं करून विचार. त्याच्या ध्यानात आलं नसेल." म्हणजे शेवटी भाच्याचं ते 'समजत नाही' माझ्याच तोंडून निघालं.

"बाबा, गाडी विकाची?"

हो. एकदाच, ठाम.

गृहस्थ पुढे आला, तर भावाने त्याला हाताने थांबवलं आणि माझ्या हातातल्या पट्टीकडे बोट केलं. मी ती गृहस्थाच्या हातात दिली. चालू इंजिनात ती कशी बघायची, हे मी त्याला शिकवलं. भाऊ बघत होता. गृहस्थाचं एकदा चुकलं, भावाने पुन्हा करायला लावलं. बरोबर जमल्यावरच त्याने हात खाली घेतला. भाचा पायरीवर जाऊन बसला होता. गाडी त्याच्या मनासारखीच विकली गेली होती, पण त्याला त्याचा आनंद झालेला दिसला नाही. "मले वाटलं, नाही म्हणतील," तो आईला म्हणाला. "म्हणून विचारलंच नाही."

हळदी रंगाची गाडी फाटकाबाहेर गेली आणि मला रडू आलं. मी भावाजवळ स्टूल ओढून बसले. मला राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. "इतके रविवार मी मरमर केली. तुले ठेवाचीच नव्हती, तर सांगितलं काहून नाही?" म्हटल्यावर माझं मलाच कळलं, की मी काय बोलले. पट्टी समोर धरून मी त्याला दर आठवड्याला दहा प्रश्न विचारत होते. सगळे ऑइलचे. हा एक कधी विचारला नव्हता, कारण त्याचं उत्तर मी अमरावतीहून ठरवूनच निघत होते.

मग मी विचारायला लागले. "कंटाळा आला गाडीचा?" नाही. "मी नीट चालवत नाही?" तो थोडा हसल्यासारखा झाला. नाही. "मग? बसायला त्रास होतो?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. हो.

"उचलून बसवतो तेव्हा? कंबर दुखते?"

हो.

"पहिल्या रविवारपासून?"

हो.

ती ताठ मान. तो आवळलेला जबडा. मूर्तिजापूर रस्त्याच्या त्या सगळ्या फेऱ्यांत माझ्या शेजारी बसलेला माणूस कळ सोसत होता, आणि मी आगगाडीतून फोन करून सांगत होते, की तो राजासारखा बसला होता. तरी मी थांबले नाही. आता विचारायचं राहिलेलं काही ठेवायचं नाही, असं ठरवलं होतं.

"मग बसत काहून होता? माझ्यासाठी?"

त्याने रिकाम्या शेडकडे बघितलं. मग मान हलवली. हो.

मी पदराने तोंड पुसलं. एकच प्रश्न उरला होता, आणि तो विचारायची मला भीती वाटत होती. "भाऊ, आता गाडी नाही. मी येत राहू?"

त्याने डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं आणि मान इतक्यांदा हलवली, की वहिनी आतून धावत आली.